गोड्या पाण्यातील मत्स्यबीज आणि शरीरातील क्षारांचा समतोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत शेततळ्यांमध्ये, गावतलावांमध्ये आणि लहानमोठ्या धरणांच्या जलाशयांमध्ये रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस यांचे बीज सोडणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे. बीज सोडल्यानंतरची मरतूक, पिल्लांची वाकडी वाढ, बोअरच्या पाण्याचा जडपणा आणि बाजारातील मिनरल मिक्श्चर यांविषयी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. माशाचे पिल्लू काही क्षार पाण्यातून घेते आणि काही खाद्यातून घेते. हे दोन मार्ग वेगळे आहेत आणि एकातील उणीव दुसऱ्यातून भरून निघेलच असे नाही, एवढे ध्यानात घेतले तर पुढील बहुतेक उत्तरे आपोआप उलगडतील.

येथे कोणत्या क्षारांचा विचार केला आहे?

सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस हे मुख्य घटक आहेत. लोह, जस्त, तांबे, मँगनीज, आयोडीन आणि सेलेनियम अत्यल्प प्रमाणात लागतात.

पाणी गोडे असते, मग माशाच्या शरीरातील क्षार पाण्यात विरघळून कमी होत नाहीत का?

होतात, आणि अखंड होत राहतात. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तरसात लिटरमागे साधारण 130 ते 150 मिलीमोल सोडियम असते, तर नदीच्या गोड्या पाण्यात ते सहसा एक-दोन मिलीमोलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. एवढ्या मोठ्या तफावतीमुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सोडियम आणि क्लोराइड बाहेर झिरपतात, तर परासरणाने बाहेरचे पाणी शरीरात शिरते. अस्तर फाटलेल्या शेततळ्यात पाण्याची पातळी राखायची तर जसा पंप सतत चालू ठेवावा लागतो, तशी जिवंत माशाची स्थिती असते.

आत शिरलेले जादा पाणी मूत्रपिंडे अतिशय पातळ मूत्राच्या रूपाने बाहेर टाकतात. काही जातींत हे मूत्र दिवसाकाठी शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहूनही अधिक भरते. गाळलेल्या द्रवातून बहुतांश सोडियम आणि क्लोराइड मूत्रपिंडे परत ओढून घेतात, तरी थोडे क्षार मूत्राबरोबर जातातच. म्हणूनच गोड्या पाण्यातील मासा पाणी जवळपास पीत नाही. त्याला पाण्याची गरज नसते, ते नको इतके आपोआप आत येत असते. समुद्रातील हाडांच्या माशांचे याच्या नेमके उलट असते. ते पाणी पितात आणि जादा क्षार बाहेर टाकतात.

झिरपून गेलेल्या क्षारांची भरपाई खाद्यातून काही अंशी होते, पण उपाशी मासाही कित्येक दिवस आपल्या रक्तातील क्षार टिकवून धरतो. त्याचे कारण असे की तो ते थेट पाण्यातून, रक्ताच्या शेकडो पट विरळ अशा द्रावणातून, ऊर्जा खर्च करून ओढून घेतो. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात गोड्या पाण्यातील प्राण्यांवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली. त्यांना नोबेल पारितोषिक मात्र त्याआधीच, 1920 साली, केशवाहिन्यांवरील कामासाठी मिळाले होते.

मोठ्या माशापेक्षा पिल्लांचा प्रश्न वेगळा कसा?

दोन कारणांनी. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने पाण्याला लागून असलेला पृष्ठभाग अधिक. म्हणून सहा ते आठ मिलिमीटरच्या जिऱ्यामध्ये, म्हणजे बीजाच्या सर्वांत लहान अवस्थेतील पिल्लामध्ये, क्षारांची गळती आणि पाण्याची आवक ही दोन्ही, वजनाच्या प्रमाणात पाहता, किलोभर वजनाच्या माशाहून कितीतरी जास्त असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या कल्ल्यांतून मोठा मासा क्षार ओढतो ते कल्ले अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लात तयारच झालेले नसतात.

भारतीय प्रमुख कार्पची, म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ यांची, अंडी 27 ते 28 अंश सेल्सिअस तापमानाला साधारण 14 ते 18 तासांत फुटतात. बाहेर आलेले पिल्लू पाच मिलिमीटरच्या आसपास असते आणि पुढील सुमारे तीन दिवस पोटाखालच्या पीतकपिशवीवर जगते. बशीत थोडे पाणी घेऊन त्यात असे एखादे पिल्लू ठेवावे आणि दहापट भिंगातून पाहावे. शरीर काचेसारखे पारदर्शक दिसते. डोळ्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, बारीक चमकदार ठिपके दिसतात. ते कानातले खडे होत. कॅल्शियम कार्बोनेटचे हे खडे पिल्लू अंड्यात असतानाच घडू लागतात, म्हणजे हाडे बनण्याच्या कितीतरी आधी कॅल्शियमची उलाढाल सुरू झालेली असते. पीतकपिशवीच्या पुढच्या टोकाशी हृदय धडधडताना दिसते. कल्ल्यांच्या जागी मात्र अजून पुरत्या न फुटलेल्या कमानीच असतात.

या काळात क्षार ओढण्याचे काम त्वचा करते. पीतकपिशवीवरच्या आणि धडावरच्या त्वचेत विशेष प्रकारच्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांना आयनपेशी म्हणू. साध्या भिंगातून त्या दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि विशेष रंजकद्रव्य लागते. जिऱ्याची त्वचा हाताळताना, गाळताना किंवा दाट जाळीवर घासली जाऊन सोलवटली, तर केवळ जखम होत नाही, पिल्लाचे क्षार ओढण्याचे इंद्रियच निकामी होते. हापा (जिरे ठेवण्यासाठी पाण्यात बांधलेली पेटीसारखी जाळी) मऊ कापडाचा असावा आणि जिरे मोजताना वाटी पाण्यातूनच भरावी, या जुन्या सल्ल्यामागचे शरीरशास्त्र हे आहे.

त्वचेकडून हे काम कल्ल्यांकडे केव्हा जाते?

जातीप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे वेळ बदलते. आपल्याकडील ओढ्यांत आणि भातखाचरांत आढळणाऱ्या झेब्रा माशावर या विषयाचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, कारण त्याची पिल्ले पारदर्शक असतात आणि प्रयोगशाळेत सहज वाढतात. त्याच्यात फलनानंतर सुमारे एका आठवड्याने क्षारांसाठी कल्ले आवश्यक ठरतात, तर प्राणवायूसाठी ते सुमारे दोन आठवड्यांनी आवश्यक ठरतात. कल्ले हे श्वसनाचे इंद्रिय म्हणून आपण शाळेत शिकतो, पण पिल्लाच्या आयुष्यात ते आधी क्षारांच्या कामाला लागतात आणि श्वसनाच्या कामाला नंतर. हा क्रम ट्राउटच्या पिल्लांतही दिसून आला आहे.

आयनपेशी नेमके काय करतात?

प्रत्येक आयनपेशीची एक बाजू पाण्याकडे आणि दुसरी रक्ताकडे असते. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप दाटीवाटीने बसलेले असतात. हे पंप पेशीतले सोडियम रक्तात ढकलतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतात, म्हणून या पेशी ऊर्जा तयार करणाऱ्या सूत्रकणिकांनी गच्च भरलेल्या असतात. पेशीत सोडियम कमी पडले की पाण्याकडच्या बाजूने ते आत येऊ शकते. पण बाहेरचे पाणी फारच विरळ असल्यामुळे एवढा ओढा पुरत नाही, तेव्हा पाण्याकडच्या पटलावरून हायड्रोजन आयन बाहेर टाकून सोडियमसाठी वाट करून दिली जाते. क्लोराइड आत घेताना त्याच्या बदल्यात बायकार्बोनेट बाहेर जाते.

येथे निसर्गाची काटकसर पाहण्यासारखी आहे. श्वसनातून तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासूनच शरीरात हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट मिळतात, आणि जे टाकून द्यायचे तेच मोबदला म्हणून देऊन सोडियम व क्लोराइड मिळवले जातात. बाहेर पडणारा अमोनियाही याच देवघेवीत गुंतलेला असतो. म्हणून क्षारांचा समतोल, रक्ताचा सामू आणि अमोनियाचे उत्सर्जन ही तीन कामे माशात एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. दुपारी शेवाळाच्या जोरावर तळ्याचा सामू नऊच्या वर गेला की अमोनिया बाहेर टाकणे माशाला अवघड होते आणि त्याच वेळी पाण्यातील अमोनिया अधिक विषारी रूपात येतो. अशा दुपारी बीज सोडू नये.

आयनपेशी एकाच प्रकारच्या नसतात. झेब्रा माशात हायड्रोजन बाहेर टाकणाऱ्या, कॅल्शियम ओढणाऱ्या आणि सोडियम-क्लोराइड एकत्र आत घेणाऱ्या अशा वेगवेगळ्या पेशी ओळखल्या गेल्या आहेत. पाण्यात कॅल्शियम कमी असले तर पिल्लू कॅल्शियम ओढणाऱ्या पेशी आणि त्यांच्यावरील मार्गिका वाढवते. हा बदल व्हायला काही तास ते काही दिवस लागतात. पिल्लाला नव्या पाण्याशी जुळवून घेता येते, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

कॅल्शियम पाण्यातून मिळते की खाद्यातून?

मुख्यतः पाण्यातून. हाडे, खवले आणि स्नायूंच्या हालचालीसाठी लागणारे बहुतांश कॅल्शियम मासा आधी त्वचेतून आणि मग कल्ल्यांतून ओढतो. मोठ्या माणसांच्या हाडांसाठी दुधाचा सल्ला देतात, त्या धर्तीवर माशांच्या खाद्यात कॅल्शियम भरत राहण्याला, पाण्यात ते पुरेसे असताना, फारसा अर्थ नाही.

कॅल्शियमचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. कल्ल्यांच्या पेशी एकमेकींना जेथे जोडलेल्या असतात, त्या सांध्यांवर पाण्यातील कॅल्शियम बसते आणि सांधे घट्ट ठेवते. पाण्यात कॅल्शियम कमी झाले की सांधे ढिले होतात आणि सोडियम व क्लोराइडची गळती वाढते. त्यामुळे जड पाण्यात पिल्लाला भरपाईसाठी कमी श्रम पडतात आणि मऊ पाण्यात जास्त पडतात.

मग फॉस्फरसचे काय?

फॉस्फरसच्या बाबतीत स्थिती उलटी आहे. पाण्यात तो इतका थोडा असतो की जवळपास सगळी गरज खाद्यातूनच भागवावी लागते. कार्पसाठी खाद्यात साधारण 0.6 ते 0.7 टक्के उपलब्ध फॉस्फरस लागतो. येथे ‘उपलब्ध’ या अटीवर सगळे अवलंबून आहे. शेंगदाण्याची पेंड, सरकी पेंड आणि भाताचा कोंडा यांच्यातील फॉस्फरसचा मोठा भाग फायटेटच्या रूपात असतो आणि मासे तो पचवू शकत नाहीत. मासळीच्या भुकटीत हाडांचा फॉस्फरस भरपूर असतो, पण तो विरघळायला जठरातील आम्ल लागते, आणि रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या कार्प कुळातील माशांना आम्ल तयार करणारे जठरच नसते. म्हणून कागदावर पुरेसा दिसणारा फॉस्फरस प्रत्यक्षात अपुरा पडू शकतो. मोनोकॅल्शियम फॉस्फेट किंवा मोनोसोडियम फॉस्फेटच्या रूपात दिलेला फॉस्फरस मात्र कार्पना चांगला लागू पडतो.

तळ्यात प्लवंग भरपूर असेल तर पिल्लांना जिवंत सूक्ष्म जीवांतून पचण्याजोगा फॉस्फरस मिळत राहतो आणि ही उणीव झाकली जाते. प्लॅस्टिक अस्तराच्या, स्वच्छ पाण्याच्या, दाटीने बीज सोडलेल्या तळ्यात ती उघडी पडते. सायप्रिनसच्या पिल्लांच्या डोक्याची हाडे वाकडी होणे हे फॉस्फरसच्या कमतरतेचे परिचित लक्षण आहे. वाढ खुंटणे आणि शरीरात चरबी साठणेही त्याबरोबर दिसते.

मॅग्नेशियम आणि सूक्ष्म घटक?

मॅग्नेशियम पाण्यातूनही मिळते, पण वाढत्या पिल्लाची मुख्य भिस्त खाद्यावर असते. कार्पच्या खाद्यात 0.04 ते 0.06 टक्के मॅग्नेशियम पुरते आणि पेंड व कोंड्यात ते सहसा याहून जास्तच असते. लोह, जस्त आणि मँगनीजचीही मुख्य वाट खाद्याचीच.

हे सगळे नियंत्रण कोण करते?

संप्रेरके करतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील प्रोलॅक्टिन हे गोड्या पाण्यातील जीवनाचे मुख्य संप्रेरक मानले जाते. ते पृष्ठभागांतून होणारी गळती कमी करते आणि क्षार धरून ठेवते. किलीफिश नावाच्या माशाची पीयूषिका काढून टाकली तर तो गोड्या पाण्यात जगत नाही, आणि त्याला प्रोलॅक्टिन टोचले तर जगतो, हे 1950 च्या दशकाच्या अखेरीस ग्रेस पिकफोर्ड यांनी दाखवले. कॉर्टिसॉल आयनपेशींची संख्या वाढवते. मूत्रपिंडावर चिकटलेले पांढरट ठिपके, ज्यांचे वर्णन हरमान स्टानियस यांनी 1839 मध्ये केले, ते स्टॅनियोकॅल्सिन तयार करतात आणि कॅल्शियमची आवक गरजेपेक्षा वाढू लागली की तिला आवर घालतात.

पीयूषिकेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायला हरकत नाही. याच ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय प्रमुख कार्पचे प्रेरित प्रजनन हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात यशस्वी केले. आज खानदेशात पिशव्यांतून येणारे बीज त्या कामाच्या पायावर उभे आहे.

आमच्या भागातील पाण्याचा जडपणा किती असतो आणि तो कसा तपासावा?

खानदेशाचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि तापीच्या दोन्ही काठांना गाळाचा खोल पट्टा आहे. पाषाणातून झिरपून आलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट बऱ्यापैकी असतात. पावसाचे पाणी मात्र जवळपास क्षारहीन असते. त्यामुळे एकाच शिवारातील दोन तळ्यांच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि जिल्ह्याची सरासरी विचारण्यात अर्थ नाही. आपल्याच तळ्याचे पाणी तपासावे.

तपासणी सोपी आहे. बाजारात मिळणाऱ्या संचात मोजून घेतलेल्या पाण्यात रंजकाचा थेंब टाकला की पाणी लालसर जांभळे होते. मग दुसऱ्या बाटलीतील द्रावण थेंबाथेंबाने टाकत हलवायचे. लाली हळूहळू उतरत जाते आणि एका थेंबासरशी पाणी स्वच्छ निळे होते. तोवर पडलेल्या थेंबांवरून जडपणा काढतात. ही तपासणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकत्र मोजते. बीजासाठी लिटरमागे 50 ते 150 मिलिग्रॅम जडपणा समाधानकारक समजावा. 20 च्या खाली गेलेले पाणी जिऱ्यासाठी धोक्याचे आहे.

चवीवर विसंबू नये. खारट लागणारे पाणी जड असेलच असे नाही. त्यात सोडियम भरपूर आणि कॅल्शियम कमी असू शकते.

प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे पावसाने भरले आहे. त्यात बीज सोडावे का?

तपासल्याशिवाय सोडू नये. मातीच्या तळ्यात तळाची माती पाण्याला कॅल्शियम देत राहते, अस्तर घातलेल्या तळ्यात ती वाट बंद असते. अशा तळ्यात थोडे बोअरचे पाणी मिसळणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि केळीच्या पट्ट्यात तो बहुतेकांच्या हाताशी असतो. ते शक्य नसेल तर जिप्सम वापरावे. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे 2,200 घनमीटर, म्हणजे 22 लाख लिटर पाणी मावते. त्याचा जडपणा 50 मिलिग्रॅमने वाढवायला शुद्ध जिप्सम साधारण 190 किलो लागेल. ते एकदम न टाकता दोन-तीन दिवसांत, पाण्यात कालवून, काठाने फिरत टाकावे आणि बीज त्यानंतर सोडावे.

चुनखडीची पूड सामू आठच्या वर असलेल्या पाण्यात नीट विरघळत नाही. कळीचा चुना सामू झपाट्याने चढवतो, म्हणून बीज असलेल्या तळ्यात त्याला थारा देऊ नये.

बोअरचे पाणी फार जड असेल तर पिल्लांना कॅल्शियम जास्त होते का?

सहसा नाही. आवक रोखण्याची यंत्रणा वर सांगितलीच आहे, आणि लिटरमागे 300 मिलिग्रॅमच्या आसपास जडपणा असलेल्या पाण्यातही कार्प व्यवस्थित वाढतात. ताज्या उपशाच्या पाण्यात खरी अडचण वेगळीच असते. त्यात प्राणवायू नसतो आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, म्हणून ते उंचावरून पाडून किंवा दिवसभर उघड्यावर ठेवून मगच वापरावे.

पिशवी सोडल्यावर दोन दिवसांत मरतूक का होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याचदा क्षारांच्या गळतीत सापडते. बीज पकडताना, मोजताना आणि भरताना पिल्लांत ताणाची संप्रेरके वाढतात. त्यांच्यामुळे कल्ल्यांतून रक्ताचा प्रवाह वाढतो. प्राणवायू जास्त मिळावा ही त्यामागची सोय असते, पण त्याच पातळ, रक्ताने भरलेल्या पडद्यातून क्षार अधिक वेगाने बाहेर जातात आणि पाणी आत येते. पुढचे कित्येक तास, कधी दिवसभर, रक्तातील क्लोराइड खाली राहते. प्रवासात पिल्लू मरत नाही, तळ्यात उतरल्यावर धीम्या गतीने मरते, आणि दोष तळ्याला किंवा बीज देणाऱ्याला जातो.

त्यावर बीज मऊ, पावसाच्या पाण्यात सोडले तर गळती आणखी वाढते. म्हणून भरण्याआधी बीज काही तास हाप्यात, खाद्य न देता, दाटीत ठेवतात. प्रवास रात्रीचा असावा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्यावी, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिल्ले स्वतःहून बाहेर पडू द्यावीत. पिशवीतील पाण्याचा आणि तळ्याचा जडपणा फार वेगळा असेल तर हे मिसळणे आणखी सावकाश करावे. उलट, पिशवी उघडून तशीच बराच वेळ ठेवली तर साठलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि पिशवीतील अमोनिया विषारी होतो. सावकाशपणा हवा, पण रेंगाळणे नको.

पाण्यात मीठ टाकल्याने फायदा होतो का?

वाहतुकीच्या पाण्यात होतो. बोटुकलीसाठी, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांसाठी, लिटरमागे दोन ते तीन ग्रॅम साधे मीठ टाकले तर रक्त आणि पाणी यांतील तफावत घटते आणि गळती कमी होते. हा सल्ला बोटुकलीपुरता आहे, जिऱ्यासाठी नाही.

संपूर्ण तळ्यात मीठ टाकणे मात्र अव्यवहार्य आहे. वर सांगितलेल्या शेततळ्यात लिटरमागे एक ग्रॅम एवढे प्रमाण आणायला 22 क्विंटल मीठ लागेल, आणि तेच पाणी पुढे ठिबकमधून केळीला जाईल. केळी हे मिठाला नाजूक पीक आहे. माशासाठी बाग घालवू नये.

रक्त तपकिरी झालेले मासे सापडले. त्याचा क्षारांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. पेंड फार पडलेल्या किंवा दाटी झालेल्या तळ्यात नायट्राइट साठते. आयनपेशीला नायट्राइट आणि क्लोराइड यांतील फरक कळत नाही, त्यामुळे क्लोराइडच्या वाटेने नायट्राइट आत शिरते आणि रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते. कल्ले चॉकलेटी दिसतात आणि प्राणवायू भरपूर असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर ते ही वाट अडवून धरते. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड असावे असा साधारण हिशेब धरतात. बोअरच्या पाण्यात क्लोराइड मुळातच बरे असते, म्हणून हा त्रास पावसाच्या पाण्यावरील तळ्यांत आधी दिसेल. खाद्य बंद करणे आणि पाणी बदलणे हे पहिले उपाय होत.

शेवाळासाठी मोरचूद टाकावे का?

पिल्ले असलेल्या तळ्यात टाकू नये. मोरचुदातील तांबे सोडियमच्या वाटा बंद पाडते, तर जस्त आणि कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेने शिरून कॅल्शियमची आवक रोखतात. पाणी जितके मऊ, तितका हा घात मोठा, कारण धातूंशी स्पर्धा करायला कॅल्शियम कमी असते. नव्या जस्ती पत्र्याच्या टाकीत पावसाचे पाणी साठवून त्यात बीज ठेवणे याच कारणाने धोक्याचे आहे. तळ्याच्या काठावर बोर्डो मिश्रणाचा किंवा झिंक सल्फेटचा फवारा घेतल्यावर टाकी तळ्यात विसळू नये, हे वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

मे महिन्यात पिल्ले ठेवायची असतील तर?

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पिल्लाची गरज मात्र वाढते. मग ते कल्ल्यांतून जास्त पाणी आणि जास्त रक्त खेळवते, आणि त्याबरोबर क्षारांची गळतीही वाढते. बाष्पीभवनाने तळ्यातील क्षार दाटत जातात, ते स्वतःहून फारसे अपायकारक नसते. पहिल्या वळवाच्या सरीने मात्र वरच्या थरातील पाणी अचानक विरळ होते आणि उथळ तळ्यातील पिल्लांना तो बदल सोसावा लागतो. सावलीची जाळी, दीड मीटरहून अधिक खोली आणि पहाटेचा वायुवीजक यांचा उपयोग कोणत्याही औषधापेक्षा अधिक होतो.

तापीवरील उकाई धरणाच्या फुगवट्यात पिंजऱ्यात तिलापिया वाढवतात. त्याला हेच नियम लागू आहेत का?

मूळ नियम तेच. तिलापिया खाऱ्या पाण्यातही जुळवून घेतो आणि त्याला आम्ल तयार करणारे जठर असते, म्हणून मासळीच्या भुकटीतील फॉस्फरस तो कार्पपेक्षा चांगला वापरतो. पिंजऱ्यात नैसर्गिक अन्न कमी मिळते, तेव्हा त्याच्या खाद्यात खनिजांचे प्रमाण नीट असणे भाग आहे.

बाजारातील मिनरल मिक्श्चर पाण्यात टाकावे की खाद्यात मिसळावे?

फॉस्फरस आणि सूक्ष्म घटकांसाठी ते खाद्यातच मिसळावे, तेही घरच्या पेंड-कोंड्यावर दाटीने बीज वाढवत असाल तर. लेबलवर फॉस्फेट कोणत्या रूपात आहे ते वाचावे. डायकॅल्शियमपेक्षा मोनोकॅल्शियम कार्पला अधिक लागू पडते. 22 लाख लिटर पाण्यात दोन-चार किलो मिश्रण टाकल्याने जडपणा मोजता येईल इतकाही बदलत नाही. त्यातील फॉस्फरस शेवाळाला मिळतो, पिल्लाला नाही. मिक्श्चरवरील बराचसा खर्च येथे वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षारांची कमतरता आहे हे कसे ओळखावे?

केवळ डोळ्यांनी पाहून खात्रीने ओळखता येत नाही. कणा वाकडा होण्यामागे जीवनसत्त्व क ची उणीव, जवळच्या नात्यातील प्रजनन किंवा कीटकनाशकही असू शकते. तरी मरतूक केव्हा आणि कशी झाली यावरून दिशा कळते. सोडल्यापासून एक-दोन दिवसांत, सर्व आकारांची पिल्ले मेली असतील तर पाण्यातील फरक, हाताळणी आणि अमोनिया यांच्याकडे आधी पाहावे. तीन-चार आठवड्यांत वाढ खुंटली, काही पिल्लांची डोकी चपटी किंवा कल्ल्यांची झाकणे आखूड दिसू लागली, डोळ्यांवर पांढरी झाक आली, तर खाद्य तपासावे. पाण्याचा नमुना सूर्योदयाच्या सुमारास आणि दुपारी तीनच्या सुमारास असा दोनदा घ्यावा, बाटली काठोकाठ भरून त्यावर वेळ लिहावी आणि सामू, एकूण जडपणा, कॅल्शियमचा जडपणा, अल्कता, क्लोराइड, नायट्राइट आणि अमोनिया या तपासण्या मागाव्यात. खाद्याचा नमुना पाठवताना पोत्यावरील मजकुराचा फोटो आणि घरचे मिश्रण असल्यास प्रत्येक घटकाचे किलोमधील प्रमाण सोबत द्यावे.